समुद्रातल्या मासेमारी क्षेत्रांच्या हद्दी: रेषा कशी आखायची, कशी लिहायची?

नकाशानवीस (कोथरूड)

समुद्र घाटाखाली आणि संगणक घाटावर, त्यामुळे किनाऱ्यावरच्या मासेमारी क्षेत्रांचे नकाशे करायचं काम पुण्यातल्या जीआयएसवाल्यांकडे बऱ्याचदा येतं. नकाशा रंगवणं सोपं असतं. अडतं ते हद्दीच्या व्याख्येवर.

आपल्याकडे हद्द सांगायच्या तीन रीती दिसतात. पहिली, किनाऱ्यापासूनचं अंतर: गोव्यात यांत्रिक बोटींना ५ किलोमीटर, तामिळनाडूत हे अंतर सागरी मैलांत. दुसरी, खोली: महाराष्ट्रात ट्रॉलिंगची (तळाशी जाळं ओढत नेण्याची) मनाई वावांत (एक वाव म्हणजे सहा फूट) सांगितली आहे, कुठे ५ वाव, कुठे १०. तिसरी, अक्षांश-रेखांशांची यादी.

माझं मत स्पष्ट आहे. धोरण अंतरावर ठरवा नाहीतर खोलीवर, पण अधिसूचनेत शेवटी निर्देशांकच (अक्षांश-रेखांशांचे आकडे) हवेत. बाकी सगळ्याला फाटे फुटतात. पण शेजारशेजारच्या दोन क्षेत्रांमधली आडवी हद्द, म्हणजे किनाऱ्यावरून समुद्रात जाणारी रेषा, कोणत्या नियमाने काढायची याचं सरळ उत्तर मला सापडलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

---

पेठकरी

आधी लकडी पुलाखाली किती वाव पाणी ते सांगा, मग पुढचं वाचतो.

---

दर्यावर्दी (अलिबाग)

नकाशानवीस, निम्मं पटलं. खोलीची हद्द कुणी उगाच नाही घातली. डोल जाळी बांधतात, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) ओढतात, छोटी गिलनेट जाळी टाकतात ते उथळ पाण्यात. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं, त्यामुळे भांडण तळाशी असतं, किनाऱ्यापासूनच्या अंतराशी नाही. उत्तरेकडे डहाणू-पालघरला १० वाव पाणी लागायला बरंच आत जावं लागतं, दक्षिणेकडे देवगड-मालवणला ते लवकर लागतं. एकच ५ किलोमीटरची पट्टी दोन्हीकडे लावलीत तर उत्तरेत ती अपुरी पडेल आणि दक्षिणेत नको तितकी रुंद होईल.

शिवाय तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) खोली समोर दिसते. इको साउंडर (आवाजाने खोली मोजणारं यंत्र) नसेल तर दोरीला वजन लावून बघता येते.

---

भरतीओहोटी

दिसते, पण कुठली खोली दिसते? इथेच सगळी गोम आहे.

५ वाव म्हणजे ९.१४ मीटर आणि १० वाव म्हणजे १८.२९ मीटर. नाविक नकाशावरची खोली चार्ट डेटमपासून मोजलेली असते, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी त्या पातळीच्या साडेचार-पाच मीटर वर असतं. म्हणजे नकाशावर ९ मीटर लिहिलंय तिथे साउंडर १३-१४ दाखवेल. तांडेल म्हणणार मी ७ वावांत आहे, अधिकारी नकाशा दाखवून म्हणणार तू ५ वर आहेस. आपापल्या जागी दोघंही बरोबर.

आता याचं अंतरात रूपांतर करा. तळाचा उतार हजाराला एक असेल, तर ४ मीटर पाणी चढल्यावर ५ वावांची रेषा ४ किलोमीटर किनाऱ्याकडे सरकते आणि सहा तासांनी परत जाते. भांगाच्या (छोट्या भरतीच्या) दिवसांत कमी सरकते. मालवणकडे भरतीचा चढउतार मुंबईच्या निम्म्याच्या आसपास आणि उतारही जास्त, त्यामुळे तिथे हा घोळ कमी.

---

दर्यावर्दी (अलिबाग)

मग 'चार्ट डेटमपासून' असे दोन शब्द घाला अधिसूचनेत, भांडण मिटलं.

---

भरतीओहोटी

अर्धंच मिटलं. साउंडरचा आकडा दुरुस्त करायला त्या वेळची भरतीची उंची वजा करावी लागते, ती जवळच्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यातून काढावी लागते, आणि खुल्या समुद्रातली वेळ बंदराच्या वेळेशी तंतोतंत जुळत नाही. वर साउंडरचा ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा भाग) पाण्याखाली मीटर-दीड मीटर बसवलेला असतो. साउंडरमध्ये ती भर घातली आहे की नाही, हे बोटीगणिक वेगळं. खाडीच्या तोंडाशी गाळ साचून तळही बदलतो. नकाशातली मापं कितीतरी जुनी असू शकतात.

---

कायदेकानू

थोडं कायद्याचं, कारण कोणत्या रेषेच्या आत कोणाचा हुकूम चालतो हे आधी ठरलं पाहिजे.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली नोंद २१ म्हणजे मत्स्यव्यवसाय. संघसूचीतली नोंद ५७ म्हणजे प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी. त्यामुळे १९८१चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे २२.२२४ किलोमीटरपर्यंत. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्र, १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवरच्या आंग्रिया बँकेसाठी राज्याने कितीही सुंदर हद्द आखली तरी राज्याच्या कायद्याने ती लागू होणार नाही.

आणि १२ मैल मोजायचे कुठून? वाळूपासून नाही, आधाररेषेपासून, म्हणजे सरकारने मोजणीसाठी ठरवलेल्या रेषेपासून. भारताने २००९मध्ये आधाररेषेचे बिंदू निर्देशांकांसह अधिसूचित केले. जिथे सरळ आधाररेषा आहे तिथे ती किनारा सोडून बाहेरून जाते, त्यामुळे तिथे १२ मैलांची हद्द किनाऱ्यापासून १२ मैलांपेक्षा लांब पडते. राज्याच्या नियमात मात्र 'किनाऱ्यापासून' असं लिहिलेलं असतं. एकाच अधिसूचनेत दोन वेगवेगळ्या आरंभरेषा आल्या की वकिलांची चैन.

नकाशानवीसांच्या बाजूने एक मुद्दा: संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायद्याच्या करारात कलम १६ म्हणतं, हद्दी पुरेशा मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर दाखवा, नाहीतर निर्देशांकांची यादी द्या, आणि यादी दिलीत तर डेटम (आकडे पृथ्वीच्या कोणत्या संदर्भचौकटीवर मोजले ते) सांगा. तो शेवटचा तुकडा लोक विसरतात.

---

बफरबाबा (बाणेर)

माझ्या आवडीचा विषय. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बफर २२२२४' (किनाऱ्याभोवती तेवढ्या मीटरचा पट्टा) ठोकून दिलेल्या फाइलींची तीन दुखणी सांगतो.

एक. वेब मर्केटर या वेबनकाशांच्या प्रक्षेपणात बफर मारला. १८ अंश अक्षांशावर ते प्रक्षेपण अंतर सुमारे ५ टक्के फुगवतं. म्हणजे तुमचे २२.२ किलोमीटर प्रत्यक्षात २१.१च असतात. रेषा किलोमीटरभर किनाऱ्याकडे. अंशांत बफर मारणाऱ्यांबद्दल बोलतच नाही.

दोन. बफरच्या खिडकीत 'सेगमेंट' नावाचा रकाना असतो, त्यात आधीपासून ५ भरलेलं असतं. म्हणजे पाव वर्तुळाला फक्त ५ सरळ तुकडे, प्रत्येक १८ अंशांचा. भूशिरासमोर रेषा खरी गोलाकार हवी तिथे ती कापली जाते, आणि २२ किलोमीटरच्या त्रिज्येला तुकड्याच्या मध्यावर तब्बल २७० मीटर आत येते. पोस्टजीआयएसमध्ये डिफॉल्ट ८ आहे, तिथे चूक शंभरएक मीटरची. आकडा ९० करा, चूक मीटरच्या आत येते.

तीन. यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे ६-६ अंशांचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत. कोकण किनारा ४३ उत्तर पट्ट्यात बसतो, १२ मैलांपर्यंत काही अडचण नाही. पण पट्टा ७२ अंश पूर्वेला संपतो. मुंबईपासून ऐंशीएक किलोमीटर बाहेर गेलात की तुम्ही ४२व्या पट्ट्यात. २०० मैलांचं काम असेल तर यूटीएम सोडा आणि लंबवर्तुळाभावर (पृथ्वीच्या गणिती आकारावर) थेट जिओडेसिक (पृष्ठभागावरचं सर्वांत कमी) अंतर काढा.

---

मुग्धा_जी

वाचनखूण साठवली. सेगमेंटचा रकाना इतका महागात पडू शकतो हे माहीत नव्हतं.

---

सह्याद्रीवरून

एक शंका. मध्यंतरी भारताच्या किनाऱ्याची लांबी नव्याने मोजली आणि ७,५१६ किलोमीटरची ११,०९८ झाली. मग १२ मैलांची रेषाही बदलली का?

---

बफरबाबा (बाणेर)

नाही. लांबी वाढली ती बारकाईने मोजल्यामुळे, प्रत्येक खाचखळगा धरल्यामुळे. अंतराची हद्द काढताना किनाऱ्यावरच्या प्रत्येक बिंदूभोवती कंस काढतात आणि सगळ्यात बाहेरचे कंस घेतात. त्यात फक्त पुढे आलेली टोकं आणि बेटं कामाला येतात. आतल्या खाड्यांचे वळसे कितीही मोजा, बाहेरच्या रेषेला फरक पडत नाही. याउलट समुद्रात एक छोटं बेट धरायचं की वगळायचं, याने रेषा कित्येक किलोमीटर हलते.

---

पेठकरी

म्हणजे मासळीची आवक ५० टक्क्यांनी वाढली नाही तर. गणेश पेठेत पापलेटाचा भाव तोच.

---

खाडीपल्याड (वसई)

सगळे बाहेरच्या रेषांबद्दल बोलताय, खरी भांडणं आडव्या रेषांची. पालघर-डहाणू विरुद्ध वसई-उत्तन हा कवींचा वाद जुना आहे. घाटावरच्यांसाठी: कव म्हणजे डोल जाळं बांधायला समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांची जागा. ती वहिवाटीची असते. एका गावाच्या कवी वाढत वाढत दुसऱ्या गावांच्या समोर गेल्या की तिथल्या गिलनेटवाल्यांना जाळी सोडायला मोकळं पाणी उरत नाही, वाहती जाळी खुंटांत अडकून फाटतात. आणि 'समोर' म्हणजे नक्की कुठे? प्रत्येक गाव आपापल्या किनाऱ्याकडे पाठ करून नाकासमोर बघतं. किनारा वाकडा असला की दोन गावांची नाकं समुद्रात एकमेकांना छेदतात.

जुन्या रीतीत दोन खुणा एका ओळीत धरायच्या, पुढे देवळाचा कळस आणि मागे डोंगराचं टोक. ती रेषा बोटीवरून नुसत्या डोळ्याने तपासता येते, आणि एकच असते. दोष एवढाच की रात्री, धुक्यात किंवा १० मैलांपलीकडे ती दिसत नाही.

---

नकाशानवीस (कोथरूड)

खाडीपल्याड, नेमका हाच प्रश्न होता. त्या ओळीतल्या दोन खुणांचे निर्देशांक घेतले की दिगंश (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) निघतो. मग रेषा 'अमुक बिंदूपासून अमुक दिगंशाने' अशी लिहिता येते. पण जिथे वहिवाट नाही तिथे दिगंश कोणता?

---

लंबांतर (औंध)

तीन रूढ पर्याय आहेत: अक्षवृत्ताने सरळ पश्चिमेला, किनाऱ्याच्या सर्वसाधारण दिशेला लंब, किंवा दोन्ही किनाऱ्यांपासून समदूर. प्रत्येकाने वेगळं उत्तर येतं, म्हणून ज्याला जे सोयीचं तो ते मागतो.

हिशेब करून बघा. झाईपासून तेरेखोलपर्यंत महाराष्ट्राचा किनारा उत्तर-दक्षिण रेषेशी साधारण १२ अंशांनी कललेला आहे, दक्षिणेकडे जाताना पूर्वेला. त्याला लंब काढला तर तो २५८ अंशांच्या दिगंशाने जातो, २७०च्या नाही. समजा तेरेखोल नदीच्या मुखापासून दोन्ही रेषा काढल्या. १२ मैलांवर त्यांच्यात साडेचार-पावणेपाच किलोमीटरचं अंतर पडतं. मधला त्रिकोण पन्नासएक चौरस किलोमीटर. तोच नियम २०० मैलांपर्यंत ओढला तर पाऊणशे किलोमीटरहून जास्त. लंब धरला तर त्रिकोण महाराष्ट्राला, अक्षवृत्त धरलं तर गोव्याला.

---

रेडीकर

लंबांतर, हिशेब ठीक, पण सुरुवातीचा बिंदू बदला. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर आहे आणि तो गोव्यात आहे. नदीच्या मुखाचा मध्य ही हद्द नव्हे, ती उत्तरेला जमिनीवर आहे. आडव्या रेषेचा आरंभबिंदू म्हणजे जमिनीवरची हद्द जिथे ओहोटीच्या रेषेला मिळते तो बिंदू. नदी दिसली की हद्द नदीतून काढायची सवय नकाशावाल्यांना असते.

---

लंबांतर (औंध)

बरोबर, उदाहरण तेवढंच दुरुस्त धरा. दिगंशांमधला फरक तसाच राहतो. मात्र 'सर्वसाधारण दिशा' हेही रबरी प्रकरण आहे. झाई-तेरेखोल सगळा किनारा धरला तर १२ अंश येतात. फक्त वेंगुर्ल्यापासून पेडण्यापर्यंतचा तुकडा धरला तर कल आणखी वाढतो. त्यामुळे किनाऱ्याचा कोणता तुकडा धरला, त्याची दोन टोकं कोणती, हे व्याख्येत लिहिलंच पाहिजे. समदूर रेषेत हा प्रश्न येत नाही. ती यंत्रासारखी निघते, पण एखादं टोक किंवा खडक धरण्यावरून वाकते आणि तिला भरपूर वळणं पडतात. बोटीवाल्याला १४ वळणांची हद्द लक्षात राहत नाही. म्हणून समदूर रेषा काढून मग तिला दोन-तीन सरळ तुकड्यांत बसवतात.

---

कायदेकानू

बिंदू अधिक दिगंश ही रीत मोठ्या निवाड्यांतही आहे. भारत-बांगलादेश लवादाने ७ जुलै २०१४च्या निर्णयात रेषा १७७ अंश ३० मिनिटांच्या दिगंशाने नेली. अमेरिकेत न्यू इंग्लंड आणि मिड-अटलांटिक या दोन मत्स्य परिषदांमधली हद्दही एका बिंदूपासून दक्षिणेकडून ३७ अंश २२ मिनिटे ३२.७५ सेकंद पूर्वेकडे अशी सांगितली आहे.

---

बफरबाबा (बाणेर)

सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत! २०० मैलांवर त्या शंभराव्या भागाने जेमतेम २ सेंटिमीटर फरक पडतो. एका कोळंबीपेक्षा कमी.

---

जिओडेसी_काका

चेष्टा राहू द्या, पण 'सरळ रेषा' हा शब्द कुणीच उलगडला नाही. दोन बिंदू दिले आणि मध्ये सरळ रेषा म्हटलं, तर कोणती? बोट होकायंत्राच्या एकाच दिशेवर धरून चालवली तर ती ऱ्हंब लाइन. पृथ्वीवरचं सर्वांत कमी अंतर म्हणजे जिओडेसिक. ३०-४० किलोमीटरच्या आत भांडायचं कारण नाही: १२ मैलांच्या पूर्व-पश्चिम रेषेत १८ अंशांवर दोन्हींतला फरक ३ मीटर. १०० मैलांवर सव्वादोनशे मीटर. २०० मैलांवर पावणेनऊशे. म्हणून राज्याच्या हद्दीत लिहिलं नाही तरी चालेल, केंद्राच्या हद्दीत लिहिलंच पाहिजे. फाइलमध्ये जिओडेसिक ठेवायची असेल तर मध्ये दर १ किलोमीटरला बिंदू घाला, नाहीतर सॉफ्टवेअर आपल्या मनाने जोडतं.

डेटमचं तसंच. जुने नकाशे एव्हरेस्ट या जुन्या भारतीय डेटमवर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या डेटमवर. कोकणाजवळ एव्हरेस्ट आणि डब्ल्यूजीएस ८४ यांच्यात शंभर-सव्वाशे मीटरचा फरक पडतो. जुन्या अधिसूचनेतले आकडे तसेच जीपीएसमध्ये भरले की हद्द तेवढी सरकते. आणि कागदी नकाशावर पेन्सिलीने रेषा मारून आकडे वाचले असतील तर आणखी गंमत: ३ लाखाला १ या प्रमाणावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे दीडशे मीटर.

---

दर्यावर्दी (अलिबाग)

काका, याहून मोठी चूक रोज होते ती आकडे भरण्यात. अधिसूचनेत १७ अंश ३० मिनिटे ५० सेकंद. बोटीवरचा प्लॉटर मागतो मिनिटं आणि मिनिटांचे दशांश. खलाशी भरतो १७ अंश ३०.५०. झालं, ३०.५० मिनिटं म्हणजे ३० मिनिटे ३० सेकंद. २० सेकंदांचा फरक, ६०० मीटरहून जास्त. निर्देशांकांची एवढी भलामण करता तर प्लॉटरला कळेल त्या रूपात छापा.

---

मुग्धा_जी

हे फार महत्त्वाचं. दोन्ही रूपं शेजारी छापता येतील की.

---

जिओडेसी_काका

दोन रूपं छापली की पूर्णांकनात दोन वेगळे आकडे होतात आणि कोर्टात कोणता खरा हा प्रश्न. एक प्रमाण माना, दुसरं 'सोयीसाठी' म्हणून द्या. मिनिटांचे तीन दशांश पुरेत, तो शेवटचा अंक १.८५ मीटरचा. पूर्ण सेकंद दिलेत तर अंक ३१ मीटरचा.

---

गस्तवाला

अंमलबजावणीकडून बोलतो. बोटीचा ट्रान्सपाँडर ठरावीक वेळाने ठिकाण पाठवतो. समजा तासाला एकदा. ट्रॉलर जाळं ओढताना ३ नॉटने चालतो, म्हणजे तासात साडेपाच किलोमीटर. ५ किलोमीटरच्या पट्ट्यात शिरून बाहेर पडला तरी दोन्ही ठिकाणं बाहेरचीच दिसू शकतात. म्हणून नुसतं 'बिंदू बहुभुजात आहे का' बघून भागत नाही. दोन बिंदूंना जोडणारी रेषा हद्द कापते का, वेग २ ते ४ नॉटमध्ये आहे का, तेही बघावं लागतं. तरी तो संशय, पुरावा नाही. पुराव्याला गस्ती नौकेने तिथे जाऊन दोन्ही जीपीएसचे आकडे पंचनाम्यात घ्यावे लागतात, वेळेसकट आणि डेटमसकट.

२०२१च्या दुरुस्तीने निवाड्याचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसायाच्या सहायक आयुक्ताकडे आले. प्रकरण चालवणाऱ्याला जाळ्यांचा फरक कळतो, पण खोलीचा वाद आला की त्यालाही त्या मिनिटाची भरती शोधावी लागते. निर्देशांक असतील तर पाच मिनिटांत कळतं. माझं मत नकाशानवीसांकडे.

आणि हद्दीला लागून क्षेत्रं आखताना शेजारच्या दोन बहुभुजांना तेच कोपरे द्या. वेगवेगळ्या लोकांनी आखले की मध्ये चिंचोळ्या फटी राहतात. फटीत पकडलेली बोट दोन्ही नियमांतून सुटते.

---

रेडीकर

मालवणचं सागरी अभयारण्यही या चर्चेत धरा. १९८७चं, २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात गाभा ३.१८. मासेमारीची हद्द मत्स्यव्यवसायाची, अभयारण्याची वन विभागाची, एकाच पाण्यावर. आणि खोल समुद्रात तेलाच्या फलाटांभोवती ५०० मीटरचं सुरक्षा वर्तुळ वेगळंच. प्लॉटरमध्ये हे सगळे थर एकत्र मिळाले पाहिजेत.

---

नकाशानवीस (कोथरूड)

सगळ्यांचं धरून कलमाचा मसुदा करून बघतो:

'क्षेत्र अ ची हद्द पुढील बिंदू क्रमाने जोडून व शेवटचा बिंदू पहिल्याला जोडून बनेल. निर्देशांक डब्ल्यूजीएस ८४ डेटमवर, अंश व दशांश मिनिटांत असून तेच प्रमाण मानावेत. लगतचे बिंदू जिओडेसिकने जोडावेत. बिंदू १ म्हणजे दोन तालुक्यांची जमिनीवरची हद्द ओहोटीच्या रेषेला मिळते ते स्थान. बिंदू १ ते २ ही रेषा किनाऱ्याच्या तुकडा प-फ ला लंब आहे. बिंदू २ ते ९ हे चार्ट डेटमखालील १० वावांच्या रेषेवरून सरळ तुकड्यांत बसवले आहेत. सोबतचा नकाशा केवळ माहितीसाठी.'

---

कायदेकानू

दोन दुरुस्त्या. शेवटचा बिंदू पहिल्याला जिओडेसिकने जोडलात तर तुमची रेषा जमिनीवरून जाईल. 'तेथून ओहोटीच्या रेषेने बिंदू १ पर्यंत' असं लिहा, आणि खाडीच्या मुखाशी बंद करणारी रेषा वेगळी द्या, नाहीतर क्षेत्र खाडीतून पार वरपर्यंत जाईल. दुसरं, 'लंब आहे' आणि 'वरून बसवले आहेत' ही वर्णनं मूळ कलमातून काढून प्रस्तावनेत टाका. निर्देशांक आणि वर्णन जुळलं नाही की वर्णनाचा आधार घेऊन कुणीतरी निर्देशांकच आव्हान देईल.

---

दर्यावर्दी (अलिबाग)

मसुदा ठीक. पण वर्णन काढलंत की दहा वर्षांनी गाळाने तळ वर आला तरी रेषा तिथेच राहणार, आणि ती का तिथे घातली होती हे कुणाला आठवणार नाही. डोलवाल्याचं पाणी सरकेल, कागद सरकणार नाही. फेरमोजणीची मुदत कलमातच घाला, नव्या जलसर्वेक्षणानंतर अमुक महिन्यांत बिंदू २ ते ९ तपासायचे. ते नसेल तर मी अजून वावांच्याच बाजूने.

---

भरतीओहोटी

मुदतीला अनुमोदन. फक्त बिंदू २ ते ९च, आडव्या रेषा नकोत. त्या पुन्हा उघडल्या तर वसई-पालघर पुन्हा पहिल्यापासून.

---

खाडीपल्याड (वसई)

त्या बंद कधी झाल्या होत्या?

---

नकाशानवीस (कोथरूड)

मुदत घातली, ओहोटीची रेषा घातली, वर्णन प्रस्तावनेत हलवलं. खाडीच्या मुखाची रेषा कोणत्या दोन टोकांमध्ये घ्यायची, त्यावर रेडीकर आणि दर्यावर्दी यांनी एकेक उदाहरण द्यावं. तेरेखोल सोडून.